चावी मुंगीकडे

शाळेची चावी मुंगीकडे आली आहे, हे मला जेवणाच्या टेबलावर कळलं. ती उजवा हात स्वेटरच्या खिशातून काढायलाच तयार नव्हती. डाव्या हाताने घास घेत होती आणि निम्मा ताटाबाहेर सांडत होती.

"हात भाजला का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग काय लपवलंयस? उंदीर?"

मुंगीने मूठ उघडली. लांब दांड्याची पितळी चावी, तिला निळ्या लोकरीचा गोंडा. "शाळेची आहे," ती म्हणाली. "पुढचा आठवडा माझ्याकडे. सकाळी मी उघडायचं."

माझा हात वाढता वाढता तसाच राहिला. तिच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आमच्या घरात हल्ली बरंचसं बोलणं असं डोळ्यांनीच चालायचं, कारण मुंगीसमोर काय बोलावं आणि काय नाही, याचा अंदाज आम्हाला उरला नव्हता.

"शाळेत शिपाई नाही का?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही."

"मग बरोबर आहे. कुणीतरी उघडायलाच हवी." आणि त्यांनी आमटीची वाटी पुढे ओढली. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या दृष्टीने तो आत्ताशी सुरू होत होता.

मुंगी पंधरा वर्षांची आहे. रांगायला लागली तेव्हा साखरेचा डबा जिथे असेल तिथे ही पोचायची, म्हणून मुंगी. ती झाली तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. अजूनही दुकानात लोक विचारतात, धाकटी बहीण का? पूर्वी मला त्याची मजा वाटायची. मुंगी शाळेत जायची बंद झाली तेव्हापासून वाटायला लागलं, की लोकांना दिसतंय ते खरंच आहे. हिला एखादी पोक्त, जाणती आई मिळायला हवी होती, जिला अशा वेळी काय करायचं ते ठाऊक असतं.

आधीची शाळा मोठी होती. चार मजले, घंटा बसथांब्यापर्यंत ऐकू जायची, एका वर्गात इतकी मुलं की मागच्या बाकावरच्यांची नावं शिक्षकांना वर्ष संपेपर्यंत कळत नसत. आठवीपासून मुंगीच्या पोटात सकाळी दुखायला लागलं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, सगळं स्वच्छ निघालं. मग ती फाटकापर्यंत जायची आणि तिथेच थांबायची. रडणं नाही, हट्ट नाही. नुसती उभी राहायची, कुणीतरी तिथे पेरून ठेवल्यासारखी. आत मुलं पळत असायची आणि ही फाटकाच्या गजांकडे बघत असायची. नववीच्या मध्यावर शाळेने आम्हाला बोलावून अगदी गोड शब्दांत सांगितलं, की तुमच्याच भल्यासाठी दाखला घेऊन जा.

त्यानंतर काही महिने मुंगी घरात होती. सकाळी पडदा उघडला की भिंतीकडे तोंड करायची. तिचे बाबा औषधाच्या दुकानात काम करतात. तिथल्या एका गिऱ्हाइकाने त्यांना मोठ्या बाईंच्या शाळेबद्दल सांगितलं. जी मुलं नेहमीच्या शाळेत टिकत नाहीत, त्यांच्यासाठी. बोर्डाची परीक्षा तीच, पुस्तकं तीच, फक्त बाकी काहीही तसं नाही, असं तो माणूस म्हणाला होता.

ते खरं होतं. एका लॉन्ड्रीच्या मागच्या अंगाला फर्निचरवाल्याचं जुनं गोदाम होतं, तीच शाळा. भिंतींना अजून पॉलिशचा वास येत होता. एकच लांबलचक खोली, कपाटं आडवी लावून तिचे चार भाग केलेले. टेबलं निरनिराळ्या उंचीची, खुर्च्या निरनिराळ्या घरच्या. एका भागात तीन मुलं भूमितीवरून भांडत होती. दुसऱ्यात एक मुलगी वाचत होती आणि तिच्या पायाशी टोपलीत तिचं तान्हं बाळ झोपलं होतं. बाळाकडे कुणी वळून बघत नव्हतं. मी मात्र बघत राहिले.

मोठ्या बाई पन्नाशीच्या, बुटक्या, कायम बाह्या वर सरकवलेल्या. त्यांनी मुंगीला विचारलं, "काय आवडतं तुला?"

"चित्रं," मी म्हणाले. "पूर्वी खूप काढायची."

"आणि काय नाही आवडत?"

"तसं नावडतं काही नाही," मी म्हणाले, "पण परीक्षेला बसली की तिचा हात—"

"तुम्ही एक काम कराल का?" बाई अगदी सहज म्हणाल्या. "त्या कोपऱ्यात मोरी आहे. सकाळपासूनचे कप पडलेत. तेवढे विसळून टाकाल?"

मी गेले. कॉलेजची पदवी, विम्याच्या कचेरीत नोकरी, आणि मी एका अनोळखी गोदामात अनोळखी लोकांचे कप घासत होते. पाण्याच्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं. परत आले तेव्हा बाई आणि मुंगी मिळून एक टेबल एका भागातून दुसऱ्यात नेत होत्या. टेबल कपाटात अडकलं होतं आणि मुंगी म्हणत होती, "असं नाही, बाई. आधी तुमची बाजू उभी करा." कितीतरी दिवसांत मी तिच्या तोंडून इतकं मोठं वाक्य ऐकलं नव्हतं. कप पुसायचं फडकं हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले.

सुरुवात अशी चांगली झाली, पण पुढे पुन्हा तेच. दोन दिवस जायची, तीन दिवस पोट दुखायचं. बाई फोन करून रागवत नसत. नुसतं विचारत, "आज नाही का? बरं. उद्या टेबलाची निखळलेली फळी बसवायचीय, तिला सांगा." त्या काय करताहेत ते मला कळत नव्हतं. आणि आता ही चावी.

मी जेवण अर्धवट टाकून बाल्कनीत गेले आणि बाईंना फोन लावला.

"तुमच्या शाळेत वेळेवर येणारी मुलं असतील ना?" मी म्हणाले.

"आहेत की. पुष्कळ."

"मग चावी मुंगीकडे का?"

"आमच्याकडे तशीच पद्धत आहे. मागच्या महिनाभरात सगळ्यात जास्त दांड्या ज्याच्या, पुढचा आठवडा चावी त्याच्याकडे. या वेळी मुंगी पहिली आली." त्यांच्या आवाजात खरोखरच कौतुक होतं. "बऱ्याच फरकाने."

"अहो, पण ती नाही आली तर?"

"तर आम्ही बाहेर उभे राहू."

"किती वेळ?"

"ती येईपर्यंत."

"तुमच्याकडे दुसरी चावी असेलच ना?"

"नाही. असली तर मुलांना लगेच कळतं. तुमच्या मुंगीला तर सगळ्यात आधी कळेल."

रविवारी मुंगी आंघोळीला गेली तेव्हा मी गोंडा सोडवून चावी घेतली आणि कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे गेले. चूक की बरोबर, याचा विचार केला नाही. माझ्या डोळ्यांसमोर एवढंच होतं, की बंद दारासमोर ती सगळी मुलं उभी आहेत, सगळी आमच्या मुंगीच्या नावाने खडे फोडताहेत, आणि त्यानंतर ती त्या शाळेचंही तोंड बघणार नाही. मग पुढे काय? पुढे शाळाच उरली नव्हती.

चावीवाल्याने चावी उलटीसुलटी केली आणि हसला. "शाळेची ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दर थोड्या दिवसांनी कुणाची ना कुणाची आई घेऊन येते. कधी बाबा. पण जास्त करून आईच." त्याने कानस लावली. "बसा, होईल लगेच. डोळे मिटूनही करीन मी ही."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. नवी चावी पर्समध्ये टाकली, जुनी गोंड्यात परत अडकवली, आणि मुंगी केस पुसत बाहेर आली तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते.

सोमवारी ती माझ्याआधी उठली. मंगळवारीही. मी कचेरीचा रस्ता सोडून तिच्या मागे मागे लॉन्ड्रीच्या गल्लीपर्यंत गेले, टायरच्या दुकानाआड उभी राहिले. दार जुनं होतं. कुलपात चावी घालून दार आधी स्वतःकडे ओढावं लागायचं, मगच ती फिरायची. मुंगीला ते जमत होतं. दार उघडलं की ती स्वतः आत जात नसे. बाजूला उभी राहून सगळ्यांना आत घेई आणि शेवटी आत जाऊन दार लावी. चावी ज्याच्याकडे, तो शेवटचा, असा तिथला नियम होता. एक उंच मुलगा आत शिरताना तिला काहीतरी म्हणाला आणि तिने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. मी दिवसभर कचेरीत तो गुद्दा आठवत होते. मुंगीने कुणाला गुद्दा घालावा इतकी तिची कुणाशी ओळख झाली होती.

बुधवारी घरी आल्यावर ती म्हणाली, "उद्या विज्ञानाचा सराव पेपर आहे. बोर्डासारखा. वेळ लावून."

बस. एवढंच म्हणाली. पण पाणी पिताना तिचा पेला दातांवर वाजला, तो मी ऐकला.

गुरुवारी सकाळी पडदा उघडला आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

मी पलंगाच्या कडेला बसले. तिच्या बाबांनी दारातून डोकावून बघितलं आणि आत न येता चहाच्या पातेल्याखालचा गॅस बंद केला. दुकान त्यांनी उघडायचं असतं, ते निघून गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

"मुंगे, पेपरला बसू नकोस. नुसतं दार उघडून परत ये."

काही नाही.

"मी येते बरोबर."

काही नाही. पाठ वरखाली होत होती, तेवढंच.

"बरं, मग चावी दे. मी जाऊन उघडते. बाकीच्यांचा पेपर आहे ना, त्यांचं नुकसान कशाला."

तिने उशीखालचा हात बाहेर काढला. मूठ घट्ट आवळलेली होती, बोटांमधून निळा गोंडा लोंबत होता. मी हात पुढे केला. तिने मूठ छातीशी ओढून घेतली आणि अंगाचं मुटकुळं केलं. मी मूठ सोडवायला गेले तर सोडवू दिली नाही. बोटं पांढरी पडली होती तिची.

"हट्टीपणा आहे हा," मी म्हणाले. आवाज चढला होता माझा. "स्वतः जायचं नाही आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं नाही."

"जा तू," सासूबाई मागून म्हणाल्या. "मी आहे घरात. तू अशी तिच्या डोक्यावर बसलीस तर तीही उठायची नाही आणि तूही."

मी पर्स उचलली आणि निघाले. चावी पर्समध्ये आहे, हे मला रस्ताभर पावलापावलाला जाणवत होतं.

गल्लीत शिरले तर शाळा बाहेर भरली होती. काही मुलं लॉन्ड्रीच्या पायऱ्यांवर, काही दप्तरांवर बसलेली. बाळवाली मुलगी भिंतीला टेकून बाळाला थोपटत होती. लॉन्ड्रीवाल्याने कपड्यांच्या टोपल्या आत ओढून जागा करून दिली होती आणि तो स्वतः इस्त्री करता करता कान देऊन ऐकत होता. दोन खोक्यांवर एक फळी टाकून मोठ्या बाई तिच्या टोकाला बसल्या होत्या. गार वारा होता. लॉन्ड्रीच्या नळीतून भसाभस वाफ गल्लीत येत होती.

"ती वाफ नाहीये," उंच मुलगा सांगत होता. त्याला सगळे वकील म्हणतात. वाद घालण्यावरून दोन शाळांनी त्याला काढलंय. "वाफ दिसतच नाही. हे दिसताहेत ते पाण्याचे थेंब. नळीच्या तोंडाशी बघा, जिथे काहीच दिसत नाही, तिथे वाफ आहे."

"इतकी वर्षं मी काय बघतोय मग?" लॉन्ड्रीवाला आतून म्हणाला.

"थेंब, काका."

"बरं झालं सांगितलंस. बायकोला सांगतो."

मी बाईंजवळ गेले. "ती आली नाही," मी म्हणाले. "पेपर म्हटल्यावर— मी सगळं करून बघितलं."

"बसा," बाईंनी फळीच्या दुसऱ्या टोकाकडे हात केला. "सांभाळून. मधे बसलात तर वाकते, कडेला बसा."

मी बसले. पेपरांचे गठ्ठे आत कपाटात होते, बाहेर मुलं थंडीत बसली होती, आणि सगळ्याचं कारण माझ्या घरी भिंतीकडे तोंड करून पडलं होतं. कुणी माझ्याकडे रागाने बघेल म्हणून मी वाट बघत होते. एका मुलीने मला अर्धं संत्रं दिलं.

"बाई, माझा मुद्दा साधा आहे," वकील उठून उभा राहिला. "ज्याला दार उघडायची इच्छा आहे, त्याच्याकडे चावी असावी. हे तत्त्व म्हणून बोलतोय मी. मुंगीबद्दल नाही."

"तुझ्याकडे होती तेव्हा तू केव्हा उगवला होतास?" संत्रं देणारी मुलगी म्हणाली. हिला रेडिओ म्हणतात. दोन मिनिटं गप्प बसणं हिला जमत नाही. "जेवायच्या सुट्टीला. आणि चावी घरी विसरून. परत गेला होतास आणायला. आम्ही इथे भिजलो, याच पायऱ्यांवर, आणि काकांनी आम्हाला लोकांचे टॉवेल दिले पुसायला, आणि मग ते परत धुतले, आणि—"

"ते गिऱ्हाइकांना सांगू नकोस," लॉन्ड्रीवाला म्हणाला.

"तेव्हा माझी मनःस्थिती वेगळी होती," वकील म्हणाला आणि खाली बसला.

सगळे हसले, तोही. मी त्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं. यातल्या बहुतेकांकडे ती चावी कधी ना कधी राहून गेली होती. बहुतेकांनी कधीतरी बाकीच्यांना असं बाहेर ताटकळत ठेवलं होतं. म्हणूनच कुणाला घाई नव्हती.

मला मात्र होती. मी पर्स उघडली, चावी काढली आणि तळहातावर ठेवून बाईंच्या पुढे धरली, मुलांना दिसणार नाही अशी.

बाईंनी ती पाहिली. त्यांना नवल वाटलं नाही.

"आत माझ्या टेबलाच्या खणात बिस्किटांचा एक डबा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "अशा चाव्यांनी भरलाय. प्रत्येक आई नंतर आणून देते. दुर्दैवाने डबा आत आहे." आणि खुदकन हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "मी तुमचा हात धरणार नाही. उघडायचं तर उघडा. मुलं आत जातील, पेपर होईल, कुणाचं काही अडणार नाही. एवढंच, की आपल्यावाचून काही अडत नाही हे मुंगीला आधीच्या शाळेत चांगलं कळलं होतं. ते तिला पुन्हा कळेल."

मी चावीवर बोटं मिटली.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं. "कुणी आलंच नाही, असं कधी झालं नाही?"

त्या संत्र्याची साल हातात चुरगाळत राहिल्या. "झालं. एक मुलगी होती. आम्ही इथे दिवसभर होतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी जाऊन चावी मागितली. तिने दिली. लगेच दिली, सुटल्यासारखी. ती आता कुठे असते मला माहीत नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वाटते ना भीती. दर आठवड्याला वाटते. मुंगीकडे तुम्ही चावी मागितली का आज?"

"मागितली."

"मग?"

"दिली नाही. मूठच उघडेना. हट्ट, दुसरं काय. मी ओढायला गेले तर छातीशी धरली."

बाई एकदम ताठ बसल्या. फळी हलली. "छातीशी धरली?"

"हो."

"आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?" त्या वळून लॉन्ड्रीवाल्याला म्हणाल्या, "भाऊ, सगळ्यांना चहा मिळेल का? थोडा वेळ लागेल, पण येतेय ती."

मी बाईंकडे बघतच राहिले. सकाळी ज्याला मी हट्टीपणा म्हणून आले होते, तेच त्यांनी उचलून, पुसून, उजेडात धरलं होतं. मला ती मूठ पुन्हा दिसली, पांढरी पडलेली बोटं. ज्याला काही सोडून द्यायचं असतं तो इतकं घट्ट धरत नाही. मी पंधरा वर्षं त्या मुलीचा श्वास न श्वास मोजत आले आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाईंना गल्लीत बसून, तिला न बघता, कळलं होतं.

चहा आला. कप कमी होते, दोघादोघांत एक घेतला. वकिलाने काहीतरी नवा मुद्दा काढला, रेडिओने तो पुरा होऊ दिला नाही. बाळ जागं झालं आणि हातोहाती फिरलं, अगदी लॉन्ड्रीच्या टेबलापर्यंत जाऊन आलं. ऊन समोरच्या भिंतीवरून रस्त्यावर उतरलं. कचेरीतून दोनदा फोन आला, मी उचलला नाही.

मग टायरच्या दुकानाच्या कोपऱ्यावर मला मुंगी दिसली.

अंगात बाबांचा स्वेटर, केसांना फणी लागलेली नाही, पायांत दोन वेगळे मोजे. कोपऱ्यापर्यंत ती आली आणि थांबली. मला ते थांबणं ओळखीचं होतं. फाटकासमोर ती अशीच उभी राहायची, खांदे किंचित वर, नजर कुठेच नाही. माझे पाय आपोआप सरळ झाले.

"उठू नका," बाई ओठ न हलवता म्हणाल्या. "तुम्ही उठलात तर फळी उलटेल आणि मी पडेन."

विनोद नव्हता तो, फळी खरंच तशी होती. मी खोक्याची कड धरून बसून राहिले. मला तिच्याकडे धावत जायचं होतं, तिच्या हाताला धरून आणायचं होतं, निदान हाक मारायची होती. तिने सकाळी काही खाल्लं का, हे विचारायचं होतं. यातलं काहीच मला करता येत नव्हतं.

मुलांनीही तिला पाहिलं. मी त्यांचे चेहरे बघत होते. सगळ्यांच्या नजरा क्षणभर तिकडे गेल्या आणि परत फिरल्या. कुणी हात केला नाही. रेडिओने आवाज थोडा वाढवला आणि तिच्या मावशीच्या कुत्र्याची काहीतरी गोष्ट सुरू केली. तिला ना शेंडा ना बुडखा, पण ती न थांबता सांगत राहिली. सगळे माना डोलवत राहिले, जणू त्या कुत्र्यावाचून जगात दुसरं काही नाही. मला वाटतं, इतकी मोठी माणुसकी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. त्या गल्लीतलं प्रत्येक मूल कधीतरी त्या कोपऱ्यावर उभं राहिलं होतं, आणि त्या वेळी आपल्याला काय हवं होतं ते विसरलं नव्हतं.

कुत्रा तिसऱ्यांदा हरवला तेव्हा मुंगी चालायला लागली.

भिंतीच्या कडेकडेने आली. पायऱ्यांवरून दप्तरं बाजूला झाली, तिला वाट मिळाली.

"मी फक्त एवढंच म्हणतो—" वकिलाने सुरुवात केली.

"तू म्हणत असशील हे माहीत होतं मला," मुंगी म्हणाली. आवाज घोगरा होता, पण ऐकू येण्याइतका. "सगळ्या गल्लीला भाषण देत बसला असशील. काकांची दया आली म्हणून आले."

"उपकार झाले, पोरी," लॉन्ड्रीवाला म्हणाला.

तिने मूठ उघडली. तळहातावर चावीचा लाल ठसा उमटला होता. चावी कुलपात घातली, फिरवली, ती फिरली नाही. दुसऱ्यांदाही फिरली नाही. मग तिने पाय रोवून दार स्वतःकडे ओढलं, आणि आतून तो जड, गंजका आवाज आला.

ती बाजूला झाली. एकेक जण आत गेला. बाळवाली मुलगी गेली, रेडिओ कुत्र्याची गोष्ट अजून सांगतच गेली, वकिलाने जाता जाता तिच्या डोक्यावर टपली मारली. बाईंनी उठायच्या आधी माझ्याकडे बघून मान हलवली, आम्ही दोघी एकदम उठलो, फळी जागेवर राहिली. त्या मुंगीजवळ थांबल्या.

"पेपर उशिरा सुरू, उशिरा संपेल," त्या म्हणाल्या. "बाकी काही नाही."

"मला नाही येणार सगळा," मुंगी म्हणाली.

"येईल तेवढा लिही. हात थांबला तर मला सांग, मोरीत कप पडलेत."

बाई आत गेल्या. आता बाहेर आम्ही दोघीच होतो. मुंगीने मला जणू तेव्हाच पाहिलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आई, तू आत येणारेस का?" तिने विचारलं. एक हात दारावर होता तिचा. "मला दार लावायचंय."

"नाही," मी म्हणाले. "तू लाव."

तिने दार ओढून घेतलं. आतून कडी लागली, आधी अर्धी, मग पुरी.